भालेराव सरांचा दुसरा साक्षीदार

चर्चच्या इतिहासाच्या प्रकाशनपत्रिकेवर मी ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ छापलं. एकदोन नव्हे, दीडशे प्रती. वर दोन्ही बाजूंना कलश, आणि तळाला नेहमीप्रमाणे ‘आमच्या आजोबांच्या कार्यक्रमाला यायचं हं, चि. पिंकी, चि. सोनू’.

यात माझा दोष आहे, पण सगळा नाही. सुरतेच्या उधन्यात माझं छपाईचं दुकान आहे. वर्षभर साडीच्या खोक्यांवरची लेबलं आणि बिलबुकं, लग्नसराईत पत्रिका. गुजराती गिऱ्हाईक त्यालाच कंकोत्री म्हणतं. कॉम्प्युटरवर एक तयार साचा ठेवलेला आहे. वर गणपती, खाली पिंकी आणि सोनू, मधलं तेवढं आणि खालचं नातं बदलायचं. खानदेशातून आलेली अर्धी वस्ती या साच्यातूनच बोहल्यावर चढली. भालेराव सरांचा मजकूर मी मध्ये ओतला, मशीन चालू केलं आणि लोचो खायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सर पत्रिका घेऊन दुकानात आले. हातात लाल पेन. मी सर्वधर्मसमभावावर एक छोटं भाषण मनात तयार ठेवलं होतं. सरांनी पत्रिका काउंटरवर ठेवली. गणपतीला हात लावलेला नव्हता. लाल गोल होता तो ‘प्राचीन परंपरा’ या शब्दांभोवती.

“सव्वाशे वर्षांना प्राचीन म्हणत नाहीत,” सर म्हणाले. “जुनी म्हणा.”

न राहवून मी स्वतःच गणपतीवर बोट ठेवलं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. ते म्हणाले, ते मी पाहिलं आहे, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यात माहितीची चूक नाही. “पण हे पिंकी आणि सोनू कोण? मला मूलबाळ नाही. यांना आधार काय?”

‘आधार काय’ हे या माणसाचं पालुपद. डॉ. शमुवेल भालेराव, निवृत्त प्राचार्य, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर. मूळचे नगरकडचे. इतिहासाचे प्राध्यापक म्हणून सुरतेत आले, प्राचार्य झाले, आणि निवृत्तीनंतर इथल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा इतिहास लिहायला बसले. बसले ते बारा वर्षं उठले नाहीत. कोणतीही गोष्ट दोन साक्षीदारांशिवाय खरी धरायची नाही, हा त्यांचा नियम. तो फक्त इतिहासापुरता असता तर मी हे लिहायला घेतलं नसतं.

कोपऱ्यावरची वालपापडीवाली म्हणते, ताजी आहे. सर विचारतात, कोण म्हणतं? ती म्हणते, मी म्हणते. “एक झाला. दुसरा साक्षीदार?” तिने बिचारीने शेजारच्या वांगीवालीला हाक मारली. वांगीवाली म्हणाली, कालची आहे. तेव्हापासून त्या दोघी बोलत नाहीत आणि आमच्या सोसायटीला पापडी घ्यायला पुलापलीकडे जावं लागतं.

कॉलेजातही तेच. शिपायाची आजी तिसऱ्यांदा वारली तेव्हा सरांनी रजा मंजूर केली, फक्त अर्जावर तिच्या आधीच्या दोन निधनांच्या तारखा शेरा म्हणून लिहिल्या. त्यांना पुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार, हे ठरल्यासारखं होतं. तेवढ्यात स्नेहसंमेलन आलं. संस्थापकांच्या चिरंजीवांनी गहिवरून सांगितलं की वडिलांनी बैलगाडीतून एकेक वीट आणून हे कॉलेज उभारलं. समारोपाला सर उठले आणि खिशातून विटांची पावती काढली. विटा ट्रकने आल्या होत्या. मुदतवाढ त्या ट्रकखाली गेली.

चर्चचं सांगायलाच नको. मंडळीने शताब्दी साजरी केली. मांडव, पाहुणे, जेवणावळ, सगळं पार पडलं. आभार मानायला सर उभे राहिले आणि म्हणाले की सर्वांचे आभार, मात्र शताब्दीला अजून दोन वर्षं अवकाश आहे. कोनशिलेवरचं साल चुकलेलं आहे. पाळकसाहेबांच्या तोंडात तेव्हा जिलबी होती म्हणतात. याला माझ्याकडे एकच साक्षीदार आहे, म्हणून ‘म्हणतात’ म्हटलं. सरांच्या शेजारी राहून मलाही ही खोड लागली आहे.

आता पुस्तकाचं. त्या चर्चमध्ये दर रविवारी सकाळी मराठी उपासना व्हायची, नंतर गुजराती. मराठी उपासनेला माणसं येईनाशी झाली. म्हातारे गेले, नातवंडं गुजरातीत प्रार्थना करतात आणि हिंदीत भांडतात. शेवटी पंचांनी ठरवलं की डिसेंबरचा शेवटचा रविवार हा मराठी उपासनेचाही शेवटचा. नवीन वर्षापासून सगळे एकत्र, गुजरातीत. सरांनी विरोध केला नाही. ते एवढंच म्हणाले की त्या दिवशी शेवटच्या मराठी मंडळीच्या हातात तिचा इतिहास असला पाहिजे. पुढच्या रविवारी द्यायचा कोणाला?

म्हणून ती पत्रिका, म्हणून ती घाई. पिंकी-सोनू काढून पत्रिका पुन्हा छापल्या, वाटल्याही. आणि पुस्तक अडलं.

तीनशे पानांचं पुस्तक अडलं एका पानावर, पान एकशे त्रेचाळीस. तिथे एक वाक्य होतं: ‘उधन्यातील मराठी कामगारांच्या मुलांसाठी रविवारी दुपारी अक्षरवर्ग’, मग मोकळी जागा, मग ‘यांनी सुरू केला.’ मी विचारलं, नाव काय घालू? सर म्हणाले, एक साक्षीदार आहे, जुन्या पाळकांचं एक पत्र, दुसरा मिळाला की सांगतो. कागदपत्रं बघा म्हटलं, तर चर्चची जुनी रजिस्टरं तापीच्या पुरात भिजून लगदा झालेली.

डिसेंबर उजाडला. रोज सकाळी मी खाली उतरताना विचारायचो आणि रोज सर मान हलवायचे. बाइंडरने दोनदा फोन केला. शेवटी मी घरी बायकोसमोर चिडलो. म्हटलं, कोण ती बया, जिच्यासाठी आख्खं पुस्तक लटकलंय?

मंगल पोळी लाटत होती. ती म्हणाली, “अहो, त्यांची बायको. करुणाबाई. सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे.”

करुणाबाई जाऊन सहा वर्षं झाली. कधीही कोणाला मोठ्याने न बोललेली बाई, एवढंच मला आठवतं. मी तसाच खाली गेलो आणि सरांना म्हटलं, सगळ्या सोसायटीला माहीत आहे तर लिहून टाका. सर म्हणाले, सोसायटी आठ वर्षांपूर्वीची, वर्ग पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. सोसायटीला जे माहीत आहे ते ऐकीव. मग म्हटलं, तुम्ही स्वतः आहात की. त्यावर त्यांनी मला सगळ्या पुस्तकामागचा नियम सांगितला. नवऱ्याने बायकोच्या बाजूने दिलेली साक्ष त्यांनी कुठेही धरली नव्हती. धरली असती तर प्रत्येक पाळकाची बायको संतीण ठरली असती. अठरा पाळकांच्या बायकांना लावलेला नियम स्वतःच्या बायकोसाठी कसा मोडू? दुसरा साक्षीदार नाही मिळाला तर वाक्य काढायचं.

“काढायचं?” मी विचारलं.

“मग काय ठेवायचं? रिकामी जागा?”

त्या वाक्याखेरीज तीनशे पानांत करुणाबाईंचा उल्लेख कुठेच नव्हता, हे मला ठाऊक होतं. मजकूर मीच जुळवला होता.

आता माझी पुढची चूक. मी साक्षीदार बनवला. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं की माझ्या वडिलांचे एक गाववाले होते, पांडुरंग पाटील नावाचे. त्यांची मुलं बाईंच्या वर्गात जायची, असं वडील सांगायचे. आता कुठे असतात कोण जाणे. नाव मी विचारपूर्वक निवडलं होतं. उधन्यात पांडुरंग पाटील शोधणं म्हणजे गव्हाच्या पोत्यात गव्हाचा दाणा शोधणं. सर दमतील, माझा शब्द मानतील, बाइंडर खूश.

सर म्हणाले, “चला.”

मला वाटलं होतं त्यापेक्षा हा माणूस भयंकर निघाला. त्यांनी पांडुरंग पाटलांची यादी केली. गिरणीवाल्यांकडून, गणेश मंडळांकडून, रेशन दुकानातून. आणि माझ्या स्कूटरच्या मागे बसून, मांडीवर वही ठेवून, एकेकाला गाठायला सुरुवात केली. पहिल्या पांडुरंग पाटलाची पिठाची चक्की होती. पिठात उभा राहून तो म्हणाला, मी पाटील नाही, पाटलांचा जावई आहे. दुसऱ्याला सुरतेत येऊन आठच वर्षं झालेली. तिसरा कोसाडच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहायचा. तो वर्गाचं काही सांगेना, पण माजी प्राचार्य घरी आले म्हटल्यावर मुलाच्या ॲडमिशनचं सोडेना. आम्हाला दोन कप चहा आणि मुलाची मार्कशीट घेऊन खाली उतरावं लागलं.

कोसाडहून परतताना माझा धीर सुटला. स्कूटर बाजूला घेतली आणि कबूल केलं की सर, हा पांडुरंग पाटील मी रचलेला आहे.

सर म्हणाले, “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

मग आपण का फिरतोय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. सरांचं म्हणणं असं की साक्षीदार खोटा आहे, पण वर्ग खरा होता. जुन्या पाटलांची दारं वाजवायला काहीतरी निमित्त हवंच होतं. एरवी लोक हाकलून देतात. आणि यादीत अजून एक आहे, कडोदऱ्याला.

माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी गंडवलं आहे. माझ्याच थापेवर मला आठवडाभर स्कूटर चालवायला लावणारा हा पहिला.

कडोदऱ्याचा चौथा पांडुरंग पाटील एका पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे मुकादम, होता. पंचेचाळिशीचा गडी. कारखान्याच्या खडखडाटात सरांनी ओरडून विचारलं, त्यानेही ओरडूनच सांगितलं की मी तेव्हा पोटात असेन, माझ्या मायला विचारा. तिने उधन्यात दिवस काढलेत. मायचं घर कारखान्याच्या मागेच होतं.

कौतिकबाई साठी ओलांडलेल्या. लग्न होऊन धुळ्याकडून थेट उधन्यात आलेल्या, पण अहिराणी तशीच ठेवलेली. सरांनी मंडळीतल्या रिवाजाने ‘सलाम’ म्हणून नमस्कार केला, वही उघडली आणि स्वतःबद्दल फक्त ‘मी इतिहास लिहितो’ एवढंच सांगितलं. ती त्यांची पद्धत आहे. साक्षीदाराला आधीच काही कळू द्यायचं नाही. वर्ग कोण घ्यायचं, विचारलं. म्हातारी लगेच म्हणाली, करुणाबाई. सरांनी पेन उचललं. साल कोणतं? तिला ठाऊक नव्हतं. थोरला पोटात होता तेव्हाचं. वर्ग मुलांचा होता ना, मग तुम्ही कशा? त्यावर ती हसली. नव्या नवरीचं काय, मुलांच्या मागे जाऊन बसायची. आईचं पत्र आलं की शेजारीण वाचून दाखवायची आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला तिच्या माहेरचं कळायचं. बाईंनी तिला अक्षरं शिकवली.

“मंग मनं पत्र मीच वाचाले लागनू,” ती म्हणाली.

साक्ष झाली, नाव पक्कं झालं, संध्याकाळी पान लावता येईल. मी उठलोही. पण सर प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न सोडणारे नव्हेत. वर्ग सुरू करण्यामागचं कारण काय होतं?

कौतिकबाईंनी पदर सारखा केला. “मी बाईले इचारं ना. तुम्ही कसाले एवढा तरास घेतस? त्या म्हने, कौतिक, घर खावाले ऊठस. साहेब कॉलेजात. घर ऊनात तरी पुस्तकात.”

सरांचं पेन थांबलं. बाहेर लूम चालूच होते. मी सरांकडे बघायचं टाळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. मग सरांनी तिला वाक्य पुन्हा सांगायला सांगितलं, शब्दशः उतरवून घेतलं आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे वाचून दाखवलं. घर खायला उठतं. साहेब कॉलेजात. घरी आले तरी पुस्तकात. बरोबर आहे का?

ती म्हणाली, बरोबर.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, “मावशी, हेच ते साहेब.”

म्हातारीने सरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं ती वरमेल, तोंडाला पदर लावेल. ती म्हणाली, “मंग बरं झालं. कोनीतरी सांगालेच पाहिजे व्हतं.”

परतीच्या वाटेवर सरांनी एकही पाटी वाचली नाही. एरवी मागे बसून प्रत्येक पाटीवरचं ‘स्थापना’ साल वाचतात आणि शंका काढतात. उधना आल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, वर्ग कोणी घेतला एवढंच घालू, कारण गाळून टाकू. कोणाला कळणार आहे?

त्यांनी मला दारात उभं करून सुनावलं. साक्षीदाराचं अर्धं वाक्य घ्यायचं आणि सोयीचं नाही म्हणून अर्धं टाकायचं, हे संस्थापकांच्या चिरंजीवांना शोभतं. आता मला चेव चढला. आठवडाभराचा वचपा काढायचा म्हणून विचारलं, ठीक आहे, पण या कारणाला साक्षीदार एकच आहे. दुसरा कोण?

“दुसरा मी.”

“पण नवऱ्याची साक्ष चालत नाही ना, सर?”

“बायकोच्या बाजूने चालत नाही,” सर म्हणाले. “स्वतःच्या विरुद्ध चालते.” आणि दार लावून घेतलं.

रविवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत काय झालं ते मशीनला आणि मला माहीत. साडीच्या लेबलांचा शेठ माझ्या नावाने गुजरातीत काय काय बोलला, ते बायकोने ऐकलं. रविवारी पहाटे बाइंडरकडून शंभर प्रती उचलल्या तेव्हा पुठ्ठ्याचा गोंद अजून ओला होता. चर्चला पोचलो तर उपासना सुरू झालेली. पस्तीस-चाळीस माणसं. माझ्यासारखा परका माणूस मागच्या बाकावर कुठे उठायचं, कुठे बसायचं ते शेजाऱ्याकडे बघून करत होता, आणि तरी दोनदा चुकला. कौतिकबाईंना पांडुरंगाने आणून सोडलं होतं. सरांनीच निरोप धाडला होता, एका ओळीचा, वेळेसकट.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि पुस्तकं वाटली. भाषण करा म्हटल्यावर सर नको म्हणाले. शताब्दीची आठवण असलेल्या दोघातिघांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग सगळे उठले, एकमेकांना सलाम करत बाहेर पडले. मराठी उपासना संपली. बाहेर गुजराती मंडळी आपल्या वेळेची वाट पाहत उभी होती.

सर मात्र बाकावरच होते. एका बाजूला कौतिकबाई. त्या पान एकशे त्रेचाळीसवर बोट फिरवत, ओठ हलवत, एकेक अक्षर लावत होत्या. वर्गामागच्या कारणाला तळटीप होती: ‘साक्ष: १. श्रीमती कौतिकबाई पाटील, वर्गातील विद्यार्थिनी. २. लेखक.’ आपलं नाव आल्यावर त्यांनी तिथे बोट थांबवलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

सरांपुढेही तेच पान उघडं होतं. खाली वाकून, चष्मा पार नाकावर आणून, ते त्या पानाकडे बघत होते. बराच वेळ. पान उलटत नव्हते.

मी मनात म्हटलं, सापडली यांना चूक. नेमकी याच पानावर. मी लगबगीने जवळ गेलो आणि सुरुवात केली. सर, घाई फार झाली. तुम्ही शेवटचं प्रूफ रात्री दिलंत, ऑपरेटर सुट्टीवर होता, शाई नवीन कंपनीची आहे, ती जरा फुटते. कानामात्रा गेली असेल तर उरलेल्या प्रतींत मी हाताने दुरुस्त करून देतो. तुम्ही फक्त ओळ सांगा. वरून कितवी ओळ? नावात आहे का? सर मान वर करेनात. मी खिशातून पेन काढलं आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून पानात बघायला लागलो.

कौतिकबाईंनी माझी बाही धरून मला मागे ओढलं.

“चूक नही दखी ऱ्हायना तो,” त्या म्हणाल्या. “रडी ऱ्हायना, रडू दे त्याले. तू जरा तिकडे सरक.”